आयुक्तसाहेबांची सही

प्रश्न : मी सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो. पुण्याचा पोलीस आयुक्त व्हायचं माझं स्वप्न आहे. तिथवर पोहोचायला किती वर्षं लागतात आणि त्या खुर्चीवरच्या माणसाचं आयुष्य खरंच कसं असतं?

उत्तर : पुणे शहर पोलीस दलात मी शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. मधली बरीच वर्षं प्रतिबंधक कारवाईच्या फायली हाताळणाऱ्या टेबलावर काढली. त्यामुळं आयुक्त मी टीव्हीवर कमी आणि फायलीच्या शेवटच्या पानावर जास्त पाहिले. त्याच बाजूनं सांगतो.

आधी वर्षांचा हिशेब, कारण अभ्यासिकेतल्या मुलांना तो कुणी स्पष्ट सांगत नाही. एमपीएससीतून फौजदार झालात तर नोकरी चांगली आहे, पण ती वाट या खुर्चीकडं जात नाही. राज्यसेवेतून डीवायएसपी झालात तर पुढं आयपीएस मिळू शकतं, मात्र तोवर नोकरीची इतकी वर्षं सरलेली असतात की इथपर्यंत क्वचितच कुणी पोहोचतं. सरळ वाट यूपीएससीची. खुल्या गटाला वय ३२ पर्यंत आणि सहा प्रयत्न. निवड झाली की मसुरी, मग हैदराबादची पोलीस अकादमी, मग एखाद्या जिल्ह्यात स्टेशन डायरी कशी लिहितात इथपासून सुरुवात. पुढं उपविभाग, जिल्ह्याचे अधीक्षक किंवा शहरात उपायुक्त, मग डीआयजी (उपमहानिरीक्षक), आयजी (महानिरीक्षक). पुण्याचं आयुक्तपद आज अपर पोलीस महासंचालक दर्जाचं आहे.

मीरा बोरवणकर मॅडम १९८१ च्या तुकडीच्या. २०१० मध्ये त्या पुण्याच्या पहिल्या महिला आयुक्त झाल्या. रश्मी शुक्ला मॅडम १९८८ च्या, इथं आल्या २०१६ मध्ये. अमितेश कुमार साहेब १९९५ चे, आले २०२४ मध्ये. वजाबाकी करून बघा : २९, २८, २९. म्हणजे यंदा निवड झाली तरी ही खुर्ची पन्नाशी ओलांडल्यावरची. त्यात महाराष्ट्र केडर मिळेलच असं नाही, आणि मिळालं तरी पुण्याला नेमायचं की नाही हे राज्य सरकार ठरवतं. एवढं सगळं जुळून आल्यावर हातात किती वेळ? पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये निकाल दिला, त्यानंतर २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस कायद्यात दुरुस्ती झाली आणि सर्वसाधारण कालावधी दोन वर्षांचा ठरला. ती दोन वर्षं सगळ्यांना पुरी मिळतातच असं नाही.

आता कामाकडं येतो. पुण्यात आयुक्तालय १९६५ मध्ये झालं. पानशेतचा पूर येऊन चार वर्षं झाली होती आणि शहर पेठांबाहेर पसरायला लागलं होतं. आयुक्तालय झालं म्हणजे नुसती मोठी कचेरी झाली असं समजू नका. जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश, शस्त्राचा परवाना, सराईताला स्थानबद्ध करण्याचा हुकूम हे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडं असतात. पोलीस अधीक्षक मागणी करतात आणि त्यावर निर्णय दुसरा माणूस घेतो. आयुक्तालयात मागणारे पोलीस आणि देणारेही पोलीसच. तडीपारीचे हुकूम परिमंडळाचे उपायुक्त काढतात. मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, लावायला अपर आयुक्तांची मंजुरी लागते आणि त्याच खटल्याचं दोषारोपपत्र कोर्टात द्यायचं तर आयुक्तांची. एमपीडीए, म्हणजे धोकादायक सराईतांना आधीच रोखण्याचा कायदा, त्याखालची स्थानबद्धता मात्र थेट आयुक्तांच्या सहीनं होते. त्या एका सहीवर माणूस खटल्याशिवाय एक वर्षापर्यंत तुरुंगात राहू शकतो.

या सहीबद्दल मला जास्त सांगायचंय, कारण माझ्या मते आयुक्त कसा आहे हे तिथंच कळतं.

एमपीडीएचा प्रस्ताव पोलीस ठाण्यातून निघतो. सोबत गुन्ह्यांची यादी असते, कोर्टाचे कागद असतात आणि साधारण दोन गोपनीय साक्षीदारांचे जबाब असतात. आम्ही त्यांना ‘इन कॅमेरा’ म्हणतो. वस्तीतला माणूस उघड तक्रार द्यायला घाबरतो, म्हणून त्याचं नाव झाकून जबाब घ्यायचा आणि सहायक आयुक्तांनी स्वतः त्याची खातरजमा करायची, अशी पद्धत आहे. तिथून उपायुक्त, मग आमचं टेबल, मग मोठे साहेब.

एका ठाण्याकडून अशीच एक फाईल आली. मी ती तपासली, पानांना क्रमांक घातले, टिपणी जोडली आणि वर पाठवली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. दोन्ही जबाब समोर उघडे ठेवले होते आणि दोन्हींतल्या एकाच वाक्याखाली पेन्सिलची रेघ होती : ‘त्याने कोयता काढून हवेत फिरवला, लोक सैरावैरा पळू लागले, दुकानदारांनी शटर ओढून घेतले.’ एक साक्षीदार भाजीवाला होता, दुसरा मेसवाला. साहेबांनी आवाज अजिबात चढवला नाही. दुसरी घटना कालव्याकडेच्या रस्त्यावर रात्री अकरा वाजता घडली असं लिहिलंय, तिथं दुकान कुठलं आहे, एवढंच त्यांनी विचारलं. नाईट राऊंडला ते त्या रस्त्यानं गेले होते. मी पुण्यात जन्मलेला माणूस, तो रस्ता मला त्यांच्याहून जास्त माहीत होता. तरी माझ्या नजरेतून ते सुटलं होतं. ती चूक मला आजही आठवते.

फाईल परत गेली. सहायक आयुक्त स्वतः मेसवाल्याला भेटले. माणूस खरा होता आणि भीतीही खरी होती, पण त्यानं कोयत्याचं नावही काढलं नव्हतं. तो मुलगा रोज चार डबे फुकट नेतो, पैसे मागितले की मेसवाल्याच्या मुलीच्या कॉलेजची वेळ बोलून दाखवतो, असं त्याचं म्हणणं होतं. ठाण्यात कुणीतरी ते ठरलेल्या साच्यात बसवून टाकलं होतं. नवा जबाब जेमतेम अर्धं पान झाला. तो वाचून साहेबांनी सही केली. तो हुकूम शासनानं मंजूर केला, पुढं असे हुकूम तपासणाऱ्या सल्लागार मंडळापुढंही टिकला. साच्यातले जबाब घेऊन गेलेले हुकूम हायकोर्टात रद्द होतात आणि ज्याच्यासाठी सगळं केलं तोच मेसवाला उघडा पडतो.

बाकी दिवस कसा जातो? सकाळी रात्रभराच्या गुन्ह्यांचा आढावा, मग बैठका, मग ठरलेल्या वेळेत नागरिकांच्या भेटी. आठवड्यातून एकदा ओआर, म्हणजे ऑर्डरली रूम. तिथं शिपाई बदली, क्वार्टर, शिक्षेविरुद्धचं गाऱ्हाणं घेऊन थेट आयुक्तांपुढं उभा राहतो. संध्याकाळी कुठल्यातरी बंदोबस्ताची पाहणी. वर्षभराचं वेळापत्रक शहरच ठरवतं. आषाढवारीत दोन्ही पालख्या येतात. माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबापाशी उतरते, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी. मग गणपती. अनंत चतुर्दशीला मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून कसबा गणपती निघतो आणि लक्ष्मी रस्ता मोकळा व्हायला दुसरा दिवस उजाडतो. बेलबाग चौकात मी अनेक वर्षं उभा राहिलोय. तिथं काठीपेक्षा कार्यकर्त्यांची ओळख जास्त कामाला येते. जे आयुक्त महिनाभर आधी मंडळांच्या बैठकांत शांतपणे बसून ऐकतात, त्यांच्या एका शब्दावर रात्री दोन वाजता ढोल-ताशाचं पथक पुढं सरकतं.

आणि जे वेळापत्रकात नसतं तेही त्यांच्याच नावावर जमा होतं. १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीत स्फोट झाला, १७ माणसं गेली. २०१२ च्या १ ऑगस्टला जंगली महाराज रस्त्यावर साखळी स्फोट. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरात अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण जिवांचा अंत झाला आणि शहर पेटून उठलं. तेव्हाचे आयुक्त येऊन चार महिनेही झाले नव्हते. कॅमेऱ्यांपुढं रोज त्यांनाच उभं राहावं लागलं, आणि आपल्याच दोन अधिकाऱ्यांचं निलंबनही झालं. हजारोंच्या दलात कुठंही कुणी चुकलं तरी जाब आयुक्तांना विचारला जातो, आणि ते योग्यच आहे असं मला वाटतं.

घरचं आयुष्य फारसं उरत नाही. मुलांच्या शाळा बदलत राहतात, सणाला बंगल्यावर सगळे असतात आणि ते स्वतः कुठल्यातरी चौकात असतात. आमचंही तसंच होतं, पण आम्ही निदान एकाच शहरात राहायचो.

त्या फाईलचं पुढं काय झालं ते राहिलंच. मुलाला अमरावतीच्या कारागृहात पाठवलं. आठवड्याभरानं त्याची आई भेटीच्या वेळेत कचेरीत आली. हातात हुकमाची प्रत होती, पिशवीत घडी करून जपलेली. इतर लोक थांबलेले असतानाही साहेबांनी तिला बसायला सांगितलं. सरकारकडं आणि सल्लागार मंडळाकडं दाद मागता येते, अर्ज कुणाच्या नावे करायचा, हे दोनदा समजावलं आणि अर्ज लिहून द्यायला मला सांगितलं. ती रडली नाही, भांडलीही नाही. बाहेर आल्यावर माझ्या टेबलापाशी थांबली आणि अमरावतीला जायचं तर गाडी स्वारगेटवरून मिळते का स्टेशनवरून, एवढंच तिनं विचारलं. मी अर्जाच्या मागच्या बाजूला लिहून दिलं.