आधी निखारा, मग बांगडा

*अंगणातल्या बार्बेक्यूबद्दल कोकणातल्या वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं*

शनिवारी संध्याकाळी बारा मित्रमंडळी येणार आहेत. परसात चिरे पडून आहेत, त्यांचीच शेगडी करायचा विचार आहे. कोळसा किती आणावा आणि सामान किती? — रत्नागिरी

चिऱ्यांची शेगडी उत्तम होते, फक्त चिरे कोरडे हवेत. पावसात भिजलेला, शेवाळलेला चिरा तापला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि तो तडकतो. त्यामुळे आधी चार-पाच दिवस ते उन्हात उभे करून ठेवा. कोब्यावर थेट कोळसा पेटवू नका, कोबा तापला की टवके उडतात. खाली चिऱ्यांचे दोन थर घाला, म्हणजे भाजणाऱ्याची कंबरही वाचते. त्यावर दोन इंच माती पसरा आणि तीन बाजूंनी चिऱ्याचा आणखी एक थर रचा. चौथी बाजू हवेसाठी आणि कोळसा सरकवण्यासाठी मोकळी राहू द्या. निखारे आणि जाळी यांच्यात साधारण पाच इंच अंतर हवं. दोन फूट बाय दीड फूट जाळी बारा माणसांना पुरते. हार्डवेअरच्या दुकानातली जस्ताचा मुलामा दिलेली तारेची जाळी मात्र घेऊ नका. ती तापली की त्या जस्ताचा धूर अन्नाला लागतो. साधी लोखंडी किंवा स्टीलची घ्या.

लाकडी कोळसा पाच किलो घ्या. तीन किलो आधी पेटवायचा, उरलेला थोडा थोडा घालायचा. आपल्या हवेत पोत्यातला कोळसा दमट होतो, म्हणून सकाळीच उन्हात पसरून ठेवा. रॉकेल अजिबात नको, त्याचा वास शेवटच्या बांगड्यापर्यंत टिकून राहतो. मधे सुकी झावळी, तिच्याभोवती आठ-दहा करवंट्या आणि वर कोळशाचा ढीग, एवढ्यावर पेटतो. नुसत्या करवंट्यांवर भाजायला जाऊ नका. त्या भडकतात जोरात, पण त्यांचा निखारा फार वेळ धरत नाही.

पाहुणे सातला येणार असतील तर सव्वासहाला काडी लावा. कोळशावर राखेची पांढरी साय धरेपर्यंत जाळीवर काही ठेवायचं नाही, आणि त्याला अर्धा तास तरी जातो. मग जाळीच्या चार बोटं वर तळहात धरा. दोन-तीन आकडे मोजेपर्यंत हात काढावा लागला तर आच तेज आहे, पाच-सहापर्यंत टिकला तर मध्यम. बहुतेकांची फसगत इथेच होते. ज्वाळा दिसल्या की टांगड्या टाकतात, मग वरून काजळी आणि आत कच्चं.

सामान असं धरा: कोंबडीच्या टांगड्या अडीच किलो, मध्यम बांगडे बारा, सालीसकट कोळंबी एक किलो, मक्याची सहा कणसं, आणि निखाऱ्यांत पुरायला रताळी दीड किलो. भात आणि सोलकढी घरातून येऊ द्या, सोलकढीला तीन नारळ पुरतात. जाळीवर चारच्या वर पदार्थ ठेवू नका, नाहीतर यजमान रात्रभर चिमट्यालाच बांधलेला राहतो.

वाऱ्याचंही बघून घ्या. दिवसा समुद्राकडून खारा वारा असतो, सूर्यास्तानंतर तो पडतो आणि रात्री जमिनीवरून मतलई सुटतो. म्हणजे सहा वाजता पूर्वेला जाणारा धूर दहा वाजता पश्चिमेला वळतो. माणसं शेगडीच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला बसवलीत तर खुर्च्या हलवाव्या लागत नाहीत. शेगडीच्या वर माडाची सुकी झावळी लोंबत नाही ना, हेही बघा. भोवतीचा पातेरा झाडून काढा आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा.

बांगडा जाळीला चिकटतो आणि उलटताना तुटतो. तेल भरपूर लावून पाहिलं. — मालवण

तेल नुसतं जाळीला नव्हे, माशालाही लावायचं. आणि त्याआधी मासा कोरडा करायचा. ओला बांगडा आधी वाफेत शिजतो, त्याची कातडी मऊ पडते आणि तारेला धरते.

बारा बांगड्यांना आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण तीन मोठे चमचे, बेडगी मिरचीपूड तीन लहान चमचे, हळद एक आणि कोकमाचं आगळ दोन मोठे चमचे. आगळात बहुधा मीठ असतंच, तेव्हा चाखून मगच वरून घाला. दोन्ही बाजूंना तीन-तीन तिरक्या चिरा द्या आणि वाटण चिरांत आणि पोटात भरा. कातडीवर त्याचा नुसता हात फिरवा. वीस मिनिटं पुरे. आंबटात तासभर ठेवलेला बांगडा भुसभुशीत होतो आणि मग कोणतीही जाळी त्याला वाचवत नाही. तव्याच्या सवयीने रवा किंवा तांदळाचं पीठ लावत असाल तर ते सोडा. ते निखाऱ्यात गळतं, जळतं आणि माशाला कडवट धूर देतं.

जाळी रिकामीच दहा मिनिटं तापवा, तारेच्या ब्रशने घासा, मग अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून तिच्यावर फिरवा. बांगडा ठेवल्यावर चार मिनिटं हात लावायचा नाही. कातडी कुरकुरीत झाली की ती आपोआप सुटते. उचलून पाहताना अडकली तर अजून मिनिटभर थांबा. हे धीराचं काम जमत नसेल तर दुहेरी, मुठीची जाळी घ्या, मासा आत दाबून अख्खी जाळीच उलटता येते. केळीच्या पानातला बांगडाही छान लागतो, पण तो वाफवलेला. त्याला भाजलेला म्हणू नये.

चिकन बाहेरून काळं होतं, हाडाजवळ लाल राहतं. आधी अर्धवट उकडून ठेवलं तर चालेल का? — चिपळूण

अर्धवट शिजवून तासन्‌तास ठेवणं धोक्याचं. ते कोमट राहतं आणि त्यात जंतू वाढतात. उकडायचंच तर उकडून लगेच जाळीवर घ्या.

पण खरी गडबड आचेची आहे. निखारे एका बाजूला ओढा, दुसरी बाजू रिकामी ठेवा. टांगडीला हाडापर्यंत दोन-तीन छेद द्या, दही-मिठाच्या मसाल्यात चार-सहा तास फ्रीजमध्ये मुरवा. आधी निखाऱ्यांवर उलटसुलट आठ मिनिटं, रंग येईपर्यंत. मग रिकाम्या बाजूला सरकवून वर मोठा टोप पालथा घाला आणि वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. थर्मामीटर असेल तर हाडाला न टेकवता सर्वात जाड भागात ७४ अंश सेल्सिअस दिसायला हवं. मध, साखर किंवा सॉस शेवटच्या पाच मिनिटांत लावा, आधी लावलात तर तेच काळं होतं. चरबी गळून भडका उडाला तर पाणी मारू नका, राख उडून चिकनवर बसते. तुकडा बाजूला घ्या, भडका आपसूक बसतो. कच्च्या चिकनचं ताट भाजलेल्यासाठी परत वापरायचं नाही.

दोघं शाकाहारी आहेत. पनीर सोडून काय? — देवगड

नीरफणस. अर्ध्या इंचाचे काप, मीठ-हळद-तिखट-तेल, मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी पाच-सहा मिनिटं. रताळी सालीसकट निखाऱ्यांच्या कडेला पुरा, चाळीस मिनिटं लागतात. शाकाहारी मंडळींची जाळी आणि चिमटा वेगळा ठेवा, किंवा निदान त्यांचं आधी भाजून घ्या. बांबूच्या काड्या वापरणार असाल तर अर्धा तास पाण्यात भिजवा.

एवढं करण्यापेक्षा पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा आणि चिकन, लावली तर? — अलिबाग

जरूर लावा, पण तिचा हंगाम थंडीचा, वालाच्या शेंगा भरतात तेव्हाचा. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, मग जाडं मीठ आणि ओवा लावलेल्या शेंगा, मधे बटाटे, अंडी आणि केळीच्या पानात बांधलेलं मसाला लावलेलं चिकन, वर पुन्हा शेंगा. तोंडाशी पाला गच्च कोंबून मडकं पालथं घालायचं आणि भोवती गवत, झावळ्या, काटक्या रचून अर्धा तास जाळ द्यायचा. पाणी थेंबभरही नको. वरून पाण्याचा शिपका मारल्यावर चर्र होऊन लगेच सुकला की काढा. इथे मात्र जाळच हवा, निखारा नाही. चिकनचे तुकडे लहान ठेवा, मोठे राहिले तर शेंगा होतात आणि चिकन कच्चं निघतं.

अवकाळी पाऊस आला तर शेगडी पडवीत घेता येईल? — वेंगुर्ले

बंदिस्त पडवीत मुळीच नाही. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो आणि माणसाला कळायच्या आत गुंगी येते. विझल्यासारखा दिसणारा कोळसाही रात्री घरात ठेवू नये. उरलेलं भाजायचं असेल तर तवा चढवा. राख पाणी शिंपडून रात्रभर बाहेरच राहू द्या, सकाळी हाताला गार लागली की माडाच्या आळ्यात टाका.