गाईडच्या त्रासामुळे बहिणीचा निकाल घसरू शकतो का?

तुम्ही लिहिलंय की बहिणीचे गाईड मार्कांच्या मोबदल्यात तिला 'बाहेर भेटायला' बोलावतात आणि या सेमिस्टरला तिचा निकाल एकदम खाली आलाय. दोन्हींचा संबंध आहे का, असा तुमचा प्रश्न आहे. बहुतेक आहेच. मी यातून गेले आहे.

पुण्यात एमएस्सी केमिस्ट्रीला असताना माझ्या प्रोजेक्ट गाईडनी एकदा सगळे गेल्यावर मला लॅबमध्ये थांबवून घेतलं. "इंटर्नलचं मी बघतो, तूही जरा समजून घे," असं म्हणाले. मी बॅग उचलून निघून आले. त्यांनी मला नापास केलं नाही. पण त्या दिवसापासून मी पाचनंतर लॅबमध्ये थांबेना. हे काम केलेल्यांना कळेल, रिफ्लक्सला, म्हणजे सतत उकळत ठेवायला लावलेली रिॲक्शन कधी आठ-दहा तास चालते, कॉलम (मिश्रणातले पदार्थ नळीतून वेगळे करायचं काम) अर्ध्यावर टाकून घरी जाता येत नाही. मग पाचच्या आत उरकतील तेवढ्याच रिॲक्शन मी लावायचे. डेटा अपुरा राहिला. शंका विचारायला केबिनमध्ये जायची हिंमत नव्हती, त्यामुळे चुका तशाच पुढे गेल्या. रात्री हॉस्टेलवर पुस्तक उघडं असायचं आणि डोक्यात एवढंच, की उद्या ते जिन्यात समोर आले तर?

सेमिनारला त्यांनीच सगळ्यांसमोर सांगितलं, "हिचं कामात लक्ष नाही." आणि कागदावर ते खरंच दिसत होतं! त्याचा मला आजही संताप येतो. त्रास त्यांनी दिला, आणि त्यातून जे बिघडलं ते माझ्याच विरुद्ध दाखवायला त्यांना मिळालं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २०१९ मध्ये बीबीसीने नायजेरिया आणि घानातल्या विद्यापीठांमधले असेच प्रकार छुप्या कॅमेऱ्याने उघड केले होते.

मला तेव्हा कोणी सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) लैंगिक छळाविरुद्धच्या २०१५ च्या नियमांनुसार कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीत विद्यार्थी सदस्यही असतात. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. सबळ कारण असेल तर मुदत आणखी तीन महिने वाढते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. तिच्या अभ्यासासाठी सगळ्यात मोलाची तरतूद वेगळीच आहे: चौकशी चालू असताना त्या माणसाला तिचे पेपर, प्रोजेक्ट, परीक्षा तपासण्यापासून रोखता येतं. तक्रारीतच हे स्पष्ट शब्दांत मागायला सांगा. मेसेज एकही डिलीट करू नये. लॅबच्या वहीत रोजची तारीख टाकावी, म्हणजे काम केल्याचा पुरावा तिच्याकडे राहील.

आज तिला फोन केलात तर मार्कांचा विषय काढू नका. लॅबमध्ये तिच्यासोबत कोण थांबतं, ते विचारा.