फ्रान्समधल्या 'एलेंड' या डार्क अ‍ॅम्बियंट बँडचा इतिहास काय आहे?

काटेकोर सांगायचं तर एलेंड फ्रेंच-ऑस्ट्रियन बँड. (डार्क अ‍ॅम्बियंट म्हणजे सुरावटीपेक्षा गूढ, काळोखं वातावरण उभं करणारं संगीत.) इस्कंदर हस्नावी आणि रेनो चिर्नर या दोघांनी 1993 मध्ये तो सुरू केला.

पहिला अल्बम 'लसाँ द तेनेब्र' 1994 चा. हे नाव फ्रेंच चर्चच्या जुन्या संगीतातून आलंय. ईस्टरआधीच्या आठवड्यात एकेक मेणबत्ती विझवत जी प्रार्थना होते, तिच्यासाठी कुपरँसारख्या संगीतकारांनी रचना केल्या होत्या. एलेंडने तोच साचा घेतला, पण आवाज दिला इंग्रज कवी मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट' या महाकाव्यातल्या पतित देवदूताला, म्हणजे सैतानाला. पुढे 1996 आणि 1998 च्या अल्बमांनी ही मालिका पुरी केली. 1998 चा 'द अंबरसन' तर खरोखरचा गायकवृंद घेऊन केलेला. एकीकडे सोप्रानोचा (सर्वात उंच पट्टीत गाणाऱ्या स्त्रीचा) स्वच्छ, उंच सूर आणि त्याखाली फाटलेल्या गळ्याची किंकाळी. ड्रम्स-गिटारचा नेहमीचा थाट जवळपास नाहीच, तरी मेटल (कर्कश, जोरकस रॉक) ऐकणाऱ्यांनीच त्यांना आधी डोक्यावर घेतलं, आणि ते मला अगदी रास्त वाटतं.

मग पाच वर्षं शांतता. 2003 मध्ये 'विंड्स डिव्हाउरिंग मेन' आला तो बराच संयत: किंकाळ्या गेल्या, कुजबुजल्यासारखं गाणं आणि धातूचे, यंत्रांचे आवाज आले. 2004 ला 'सनवॉर द डेड', 2007 ला 'अ वर्ल्ड इन देअर स्क्रीम्स'. हा शेवटचा सगळ्यात कर्कश, आणि माझ्या मते सगळ्यात धाडसी. नव्याने ऐकणार असाल तर मात्र 2003 च्या अल्बमपासूनच सुरुवात करा, हेडफोन लावून.