एप्रिलअखेर लेहला जाताना हवामानाचा अंदाज कसा वाचायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मडगावहून तुम्ही चौघं एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात लेहला निघालाय, सोबत सत्तरीला टेकलेले आईवडील आहेत. पँगाँग सरोवराला जायच्या दिवशी फोनवरचं एक ॲप ऊन दाखवतं, दुसरं ढग, तिसरं चक्क बर्फ. यातलं कुणाचं खरं मानायचं?

मी गोव्यातल्या साखळी गावची. स्वयंचलित हवामान केंद्रं उभारणाऱ्या एका कंत्राटदाराकडे तंत्रज्ञ म्हणून काम करताना सहा वर्षं मार्च ते मे लडाखमध्ये असायचे. खांब रोवायचे, सौर पॅनलवरची धूळ पुसायची, वारा मोजणाऱ्या वाट्या गोठल्या तर त्या सोडवायच्या, हे माझं काम. अंदाज वर्तवणं माझं काम नव्हतं, पण रोज सकाळी आदल्या दिवशीचा अंदाज आणि आमच्या यंत्रात नोंदलेले आकडे शेजारी शेजारी दिसायचे. त्यातून जे कळलं ते सांगते.

आधी ॲपमधला आकडा कुठून येतो ते बघा. मॉडेल, म्हणजे संगणकावर हवामानाचं गणित मांडणारी व्यवस्था, पृथ्वीचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनाला एकच उंची देतं. युरोपियन मॉडेलचा चौकोन साधारण 9 किलोमीटरचा, अमेरिकनचा 13 चा. आपल्याकडे पुण्याच्या संस्थेत तयार झालेलं भारत फोरकास्ट सिस्टिम मे 2025 पासून 6 किलोमीटरवर चालतं. गोव्याच्या किनाऱ्यावर एवढ्या चौकोनात फारसं बिघडत नाही, पेडणे काय नि म्हापसा काय. लेह शहर मात्र 3,500 मीटरवर आहे आणि तिथून सरळ रेषेत पंधरा किलोमीटरच्या आत खारदुंग ला ही खिंड 5,359 मीटरवर (‘ला’ म्हणजे खिंड). वर चढताना दर किलोमीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे या दोन ठिकाणांत बारा अंशांचा फरक. चौकोनाची सरासरी काढली की तो आकडा दरीचाही राहत नाही आणि खिंडीचाही राहत नाही. तीन ॲपं तीन वेगळी तापमानं दाखवतात त्याचं निम्मं कारण इथेच आहे, प्रत्येकाचा डोंगर वेगळ्या उंचीचा आहे.

म्हणून पहिली सवय लावून घ्या ती आकड्याला उंची विचारायची. बऱ्याच ॲपांत ठिकाणाच्या नावाखाली मीटरमध्ये उंची लिहिलेली असते. ती तुमच्या खऱ्या ठिकाणापेक्षा हजार मीटरने जास्त असेल तर तापमानात सहा-सात अंश मिळवा, कमी असेल तर वजा करा. दुपारच्या तापमानाला हा हिशेब बरा चालतो. पहाटेला चालत नाही, कारण निरभ्र रात्री थंड हवा उतारावरून ओघळून दरीत साचते आणि कधी कधी वरच्या गावापेक्षा खालचं गाव जास्त गारठतं.

आता मुख्य मुद्दा. वसंतात लडाखचं हवामान दोन प्रकारे बिघडतं. एक प्रकार चार-पाच दिवस आधी कळतो, दुसरा आदल्या रात्रीही नीट कळत नाही. तुमच्या तीन ॲपांचं भांडण बहुतेक या दुसऱ्या प्रकारावर आहे.

पहिला प्रकार म्हणजे पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्राच्या बाजूने उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर ही कमी दाबाची क्षेत्रं इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाला धडकतात. हिवाळ्यात महिन्याला चार-सहा येतात, एप्रिलमध्ये जोर ओसरतो पण थांबत नाहीत. आपण मे महिन्यात अरबी समुद्रात काही शिजतंय का म्हणून दर्याकडे बघतो, तसं तिथली माणसं पश्चिमेकडे बघतात. हे आकाराने एवढे मोठे असतात की तिन्ही मॉडेलांना दिसतात. तिन्ही ॲपं एकाच दिवसावर बर्फ दाखवू लागली, आणि सलग दोन-तीन दिवस तीच तारीख धरून राहिली, तर खुशाल विश्वास ठेवा. त्या दिवशी खिंड ओलांडायचा बेत करू नका. झंझावात जवळ आला की आधी उंचावर पिसांसारखे विरळ ढग येतात, रात्र नेहमीपेक्षा उबदार जाते आणि दाब उतरू लागतो. आमच्या यंत्रांत सगळ्यात आधी पहाटेचं किमान तापमान वर चढलेलं दिसायचं. तो गेला की कोरडा, बोचरा वारा आणि स्वच्छ निळं आकाश.

सह्याद्रीचं उदाहरण घेतलं तर हे पटकन समजेल. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात वाळपईला पणजीपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि चोर्ला घाट चढून बेळगावच्या बाजूला उतरलं की तो झपाट्याने कमी होतो. लडाख अशा एका घाटाच्या नव्हे, पीर पंजाल, मुख्य हिमालय आणि झांस्कर अशा रांगांच्या पलीकडे आहे. श्रीनगर-लेह रस्त्यावरच्या झोजी लाच्या काश्मीरकडच्या अंगाला भिंतीएवढा बर्फ साचतो आणि लेहला वर्षभरात सगळं मिळून साधारण 100 मिलिमीटर पाणी पडतं. पणजीत जुलैच्या एखाद्या दिवशीच तेवढं पडून जातं.

याच कारणाने आपल्या गोंयकारांची एक चूक हमखास होते. अंदाजात 2 मिलिमीटर दिसले की आपण हसतो, एवढ्यात तर अंगणसुद्धा भिजत नाही. पण एक मिलिमीटर पाण्याचा साधारण एक सेंटिमीटर बर्फ होतो, कोरड्या थंडीत त्याहून जास्त. दोन मिलिमीटर म्हणजे खिंडीत दोन-तीन सेंटिमीटर. त्यावरून दोन गाड्या गेल्या की तो दाबला जाऊन काचेसारखा होतो, मग चाकांना साखळ्या असल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. पाच मिलिमीटरचा अंदाज तिथे मोठा अंदाज आहे. उलटही घडतं. मॉडेल पाऊस दाखवतं, ढगाखाली करड्या झालरी लोंबताना दिसतात आणि जमिनीवर थेंब येत नाही, कारण खालची हवा इतकी कोरडी असते की तो वाटेतच विरून जातो.

दुसरा प्रकार दुपारचा. एप्रिलचं ऊन कडक असतं, बर्फ वितळलेले काळे उतार झटकन तापतात आणि वरच्या थरात हवा अजून हिवाळ्याएवढी थंड असते. खाली ऊब, वर गारठा, की हवा उकळल्यासारखी वर उसळते. दहा-अकरापर्यंत आकाश कोरं असतं, दुपारी बारा-एकला माथ्यांवर कापसाचे गोळे दिसतात, तीनला तेच राखाडी होऊन साबुदाण्यासारख्या गोळ्या झोडपतात. एका खिंडीवर बर्फाचं वादळ आणि शेजारच्या दरीत ऊन. हा ढग दोन-चार किलोमीटरचा असतो, नऊ किलोमीटरच्या चौकोनात तो मावणार कसा? मॉडेल फक्त ‘या भागात असं होऊ शकतं’ एवढं सांगतं आणि त्याचं चित्र कुणी सूर्य म्हणून काढतं, कुणी ढग म्हणून, कुणी बर्फ म्हणून.

मी हे चुकून शिकले. पँगाँगच्या वाटेवर तांगत्से गाव आहे, त्या बाजूचं एक केंद्र दुरुस्त करून आम्ही लेहला परतत होतो. अंदाज स्वच्छ होता, सकाळही स्वच्छ होती, म्हणून मी एका बॅटरीपायी तीन तास जास्त थांबले. आमचे चालक, ज्यांना सगळे मेमे-ले म्हणजे आजोबा म्हणत, दोनदा येऊन माथ्याकडे बोट दाखवून गेले. मी अंदाज दाखवला, ते काही बोलले नाहीत. तांगत्से आणि लेहच्या मधली चांग ला खिंड गाठायला साडेतीन वाजले. खिंडीच्या अलीकडे वारा असा सुटला की जमिनीवरचा जुना बर्फ उडून बॉनेटसुद्धा दिसेना. लष्कराच्या चौकीत चार तास बसून काढले, आमच्यातल्या एका मुलाला उलट्या सुरू झाल्या, ओठ निळसर पडले. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. अंदाज चुकला होता असं मी तेव्हा म्हणाले होते. खरं तर तो अंदाज तांगत्सेच्या दरीचा होता आणि तिथे त्या दिवशी खरोखर ऊनच होतं.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: खिंड दुपारी बाराच्या आत ओलांडायची, अंदाज काहीही असो. लेहची बहुतेक विमानंही सकाळचीच असतात, कारण दुपारी दरीत वारे सुटतात आणि तापून आणखी विरळ झालेल्या हवेत विमानाला तेवढा आधार मिळत नाही.

वाऱ्यासाठी एक युक्ती सांगते. विंडीसारख्या ॲपात उंचीचे थर निवडता येतात. जमिनीजवळचा वारा बघू नका, 500 हेक्टोपास्कलचा थर निवडा (थरांना हवेच्या दाबाच्या आकड्याने ओळखतात). तो साधारण साडेपाच किलोमीटरवर असतो, म्हणजे खारदुंग ला आणि चांग लाच्या माथ्याच्या जवळपास. तिथे 40-50 किलोमीटरच्या वर वारा दिसला तर खिंडीत उभं राहणं नकोसं होईल. उणे 5 अंशांत ताशी 40 किलोमीटरचा वारा असला की उघड्या त्वचेला उणे 14 जाणवतं. आईवडिलांना गाडीतून उतरवायचं की नाही ते या आकड्यावर ठरवा, तापमानाच्या आकड्यावर ठरवू नका.

अंदाज सुधारत का नाही, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. सुधारतोय. हवामान खात्याचं लेहचं केंद्र 2020 च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं, 2022 च्या जानेवारीत तिथे ढगांतला पाऊस-बर्फ आणि वारा टिपणारं डॉप्लर रडार आलं. पण पणजीत आल्तिनोवरच्या रडारला समोर मोकळा समुद्र आहे. लेहच्या रडारचा किरण कुठल्याही दिशेला फिरवा, पुढे डोंगर उभा. उपग्रहाच्या साध्या चित्रात ढगही पांढरा आणि बर्फही पांढरा, म्हणून इन्फ्रारेड चित्रं जोडीला लावावी लागतात. आणि जमिनीवरची मोजणी? पावसाचं भांडं बर्फासाठी बनलेलंच नाही. वारा असला की हलका बर्फ भांड्यावरून सरळ उडून जातो, आत पडतो तो गोठून बसतो आणि दुपारी वितळून नोंदला जातो. मी स्वतः अशी नोंद पाहिली आहे, पहाटे पडलेला बर्फ दुपारी एक वाजताचा पाऊस म्हणून कागदावर. जे पडलं तेच धड मोजता येत नसेल तर अंदाज किती बरोबर होता हे कशावरून ठरवणार? माझ्या मते तिथे आणखी एखादं ॲप निघण्यापेक्षा उतारांवर, 4,500 मीटरच्या वर, बर्फ नीट मोजणारी वीस यंत्रं बसली तर जास्त फायदा होईल. सध्याची बहुतेक यंत्रं रस्त्याला आणि दरीला धरून आहेत, कारण वर जाऊन ती सांभाळायची कोणी?

आणि हे फक्त प्रवाशांसाठी नाही. एप्रिल-मेमध्ये लडाखात पेरणी असते आणि नेमकं तेव्हाच पाणी नसतं, कारण हिमनद्या जूनच्या सुमारास वाहू लागतात. लडाखचे अभियंते सोनम वांगचुक यांनी बर्फाचे स्तूप, म्हणजे हिवाळ्यात पाणी गोठवून केलेले उंच शंकू, उभे करायला सुरुवात केली ती हीच फट भरायला. त्याच दिवसांत शाम खोऱ्यात जर्दाळू फुलतो. फुलोऱ्यातली एक कडाक्याच्या गारठ्याची रात्र वर्षाचं पीक नेते, जसं आपल्याकडे मोहोरावर अवेळी पाऊस पडला की काजूवाला कपाळाला हात लावतो. त्या रात्रीचा अंदाज गावाच्या उंचीनुसार मिळाला तर शेतकरी निदान बागेत धूर तरी करू शकतो.

तुमच्या बेताबद्दल. पहिले दोन दिवस लेहमध्येच काढा, आईवडिलांना फिरवू नका. पँगाँग कुठल्या तारखेला ते आत्ता ठरवूच नका, तीन दिवसांतला एक मोकळा ठेवा आणि आदल्या संध्याकाळी लेहच्या हवामान केंद्राचं पत्रक बघून ठरवा. ते पत्रक तिथल्या माणसांनी लिहिलेलं असतं, त्यांना प्रत्येक खिंडीचा स्वभाव माहीत असतो. सकाळी सहाला निघा. श्रीनगरहून रस्त्याने यायचा विचार असेल तर झोजी ला उघडी आहे का तेही बघा. 2025 मध्ये ती 32 दिवसांच्या बंदीनंतर 1 एप्रिललाच उघडली होती, पण उघडल्यावरही एका झंझावाताने दोन-तीन दिवस पुन्हा बंद होऊ शकते. दुपारी ओला झालेला बर्फ घसरतो म्हणून हिमस्खलनाचा इशारा असेल तर तो कुठल्याही ॲपपेक्षा वरचा माना. परतीला लेह-दिल्ली आणि दिल्ली-गोवा ही तिकिटं एकाच दिवशी वेगवेगळी काढू नका, मध्ये एक रात्र दिल्लीत ठेवा.

निघायच्या चार दिवस आधी तुमच्या तारखा इथेच खाली लिहा. मी नकाशे बघून सांगेन की पश्चिमेकडून काही येतंय का.