‘प्रेषितांची कृत्ये’: कृत्ये कसली आणि प्रेषित कोण?

प्रश्न असा आहे: ‘बायबलच्या नव्या करारातल्या “प्रेषितांची कृत्ये” या पुस्तकाला एक जण इतिहास म्हणतो, दुसरा बखर. मुळात इथे “कृत्ये” म्हणजे काय? आणि आपण प्रेषित महंमद म्हणतो, तर तोच शब्द येशूच्या शिष्यांना कसा?’

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पुढे तोच कामाला येणार आहे. ‘प्रेषित’ म्हणजे पाठवलेला. पाकिटाच्या मागे ‘प्रेषक’ लिहून आपण आपला पत्ता घालतो, त्याच घरातला हा शब्द. ग्रीक ‘अपोस्तोलोस’चा अर्थ पाठवलेला, आणि अरबी ‘रसूल’चाही पाठवलेलाच. त्यामुळे दोन्ही ठिकाणी तो चपखल बसतो. हिब्रू ‘नबी’साठी मराठी बायबलात ‘संदेष्टा’ हा वेगळा शब्द आहे: यशया, यिर्मया हे संदेष्टे, पेत्र, योहान हे प्रेषित. हिंदीत याच पुस्तकाचे नाव ‘प्रेरितों के काम’ आहे. मराठी कानाला ‘प्रेरित’ म्हणजे स्फूर्ती मिळालेला. पाठवणी त्यात ऐकू येत नाही. मला आपला शब्द जास्त आवडतो.

आता ‘कृत्ये’. या शब्दाचे दिवस फिरले आहेत. ‘नित्यकृत्य’, ‘धर्मकृत्य’ म्हणताना त्यात काही वावगे नसते, पण आजच्या बातमीत नुसते ‘कृत्य’ आले की पुढे पोलीस येतात. मूळ ग्रीक ‘प्राक्सेइस’ला असा वास नव्हता. थोरांनी केलेली कामे, पराक्रम, असा तो अर्थ. मात्र हे शीर्षक लेखकाचे नव्हे, मागाहून पडलेले आहे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस ते रुळलेले दिसते. परंपरा ज्याला लूक म्हणते तो लेखक आपल्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्यानेच आधी लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा, उल्लेख या पुस्तकाच्या पहिल्याच ओळीत ‘पहिला लोगोस’ असा करतो, म्हणजे पहिला ग्रंथ. शुभवर्तमानाच्या आरंभी तो ‘दिएगेसिस’ हा शब्द वापरतो: संगतवार सांगितलेला वृत्तान्त. ‘हिस्तोरिया’ हा शब्द ग्रीकमध्ये तयार होता, पण त्याने तो घेतलेला नाही. म्हणून इतिहास की बखर या भांडणात मी ‘वृत्तान्त’च्या बाजूला उभा राहीन, आणि मग विचारीन की तो कुठे टिकतो आणि कुठे डळमळतो.

टिकतो तो अधिकाऱ्यांच्या पदनामांत. सतराव्या अध्यायात मॅसिडोनियातल्या थेस्सलनीका शहराच्या नगराधिकाऱ्यांना त्याने ‘पोलितार्खेस’ म्हटले आहे. उपलब्ध ग्रीक वाङ्मयात हा शब्द असा कुठे सापडेना, तेव्हा लूकने तो बनवला अशी शंका घेता येत होती. पण त्याच शहरातल्या आणि मॅसिडोनियातल्या इतर शिलालेखांवर तो मिळाला. त्यांतला एक शिलालेख ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. एका प्रांतापुरता चालणारा कचेरीतला शब्द दूर बसून सुचत नाही. करिंथच्या गल्लियोचेही तसेच. त्याला लूक प्रांताचा सुभेदार म्हणतो, आणि डेल्फीला सापडलेल्या सम्राट क्लॉडियसच्या पत्राच्या शिलालेखात गल्लियो त्याच पदावर आहे. त्यावरून त्याचा काळ इ.स. 51-52च्या आसपास ठरतो. ख्रिस्ती धर्माचा प्रचार करत फिरणाऱ्या पौलाला याच गल्लियोपुढे उभे केले होते, म्हणून पौलाच्या आयुष्याची सगळी कालगणना या एका खुंटीला टांगलेली आहे.

डळमळतो तो भाषणांत. पाचव्या अध्यायात गमलिएल हा यहुदी धर्मगुरू यहुद्यांच्या न्यायसभेपुढे दोन बंडखोरांची नावे घेतो: आधी थुदास, त्याच्यामागून यहूदा गालीली. यहूदाचे बंड नावनिशीच्या, म्हणजे रोमी शिरगणतीच्या, वेळचे, इ.स. 6चे. पण जोसेफस हा यहुदी इतिहासकार थुदासला कुस्पियस फादस या रोमी सुभेदाराच्या कारकिर्दीत घालतो, म्हणजे 44च्या पुढे. गमलिएलचे भाषण त्याच्या काही वर्षे आधीचे. दुसरा कोणी थुदास असेल असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. भाषणे प्रसंगाला शोभतील अशी रचण्याची त्या काळच्या लेखकांची रीत होती, आणि इथे रचताना क्रम चुकला असे मला वाटते.

व्याकरणाचा एक वाद इथे सांगितलाच पाहिजे. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर पौलाला येशूची वाणी ऐकू येते. त्याचे सोबती, नवव्या अध्यायानुसार, ती ऐकतात. बाविसाव्यात ऐकत नाहीत. लूकचे समर्थक म्हणतात, पहिल्या जागी ‘फोने’ (आवाज, वाणी) हे नाम षष्ठीत आहे, तेव्हा अर्थ नुसता आवाज कानावर पडला. दुसऱ्या जागी द्वितीयेत आहे, तेव्हा अर्थ बोलणे समजले नाही. मराठीत ‘ऐकू येणे’ आणि ‘ऐकून कळणे’ असा भेद आपण करतो, म्हणून हे ऐकायला गोड वाटते. पण बाविसाव्याच अध्यायात, दोनच ओळी वर, पौल स्वतः वाणी ऐकतो तिथेही षष्ठीच आहे, आणि त्याला तर शब्द न् शब्द कळला! नियम तिथेच मोडतो. ही विसंगती आहे, आणि ती तशीच मान्य करावी.

शेवटी पुन्हा ‘प्रेषित’. पहिल्या अध्यायात, येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताची बारा शिष्यांतली जागा भरताना अट घातली आहे की उमेदवार योहानाच्या बाप्तिस्म्यापासून येशूच्या सोबत असलेला हवा. या अटीत पौल बसत नाही. लूक पुस्तकभर ‘प्रेषित’ बहुतेक बारा जणांपुरताच ठेवतो. उलट पौल गलतीकरांच्या पत्राची सुरुवातच ‘मी प्रेषित, माणसांकडून नव्हे’ अशी करतो, आणि करिंथकरांना विचारतो, ‘मी प्रेषित नाही काय?’ ज्या नावासाठी पौल आयुष्यभर झगडला, ते त्याचा सर्वांत मोठा चाहता त्याला देत नाही. पौलाच्या पत्रांशी ताडून पाहिल्याशिवाय लूकवर भिस्त ठेवू नये, असे मी म्हणतो ते यासाठी.

अपवाद एका अध्यायाचा. चौदाव्यात, इकुन्या आणि लुस्त्र इथल्या हकिकतीत, पौलाचा सहकारी बर्णबा आणि पौल दोघांनाही दोनदा ‘प्रेषित’ म्हटले आहे. अभ्यासकांचा एक तर्क असा, की इथे लूकच्या हाती जुने टिपण होते आणि त्यातला शब्द त्याने तसाच राहू दिला. मला हा तर्क सबळ वाटतो. स्वतःच्या व्याख्येविरुद्ध जाणारा शब्द त्याने पुसला नाही, आणि तो आजही चौथ्या आणि चौदाव्या ओवीत वाचता येतो.