चिऱ्याच्या भिंतीतून झिरपणारे पाणी

प्रश्न : आमचे घर समुद्रापासून जवळ असून भिंती जांभ्या चिऱ्याच्या आहेत. बाहेरून चिरा उघडा आहे आणि दर्जा (दोन चिऱ्यांमधल्या सांधी) सिमेंटने भरलेल्या आहेत. आतून सिमेंटचा गिलावा व त्यावर प्लास्टिक पेंट आहे. दर जुलैत नैर्ऋत्येकडील भिंत आतून ओली होते आणि रंगाचे पोपडे सुटतात. बाहेरूनही सिमेंटचा गिलावा करून जलरोधक रंग द्यावा, असे ठेकेदार सुचवतात. ते योग्य होईल का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : ठेकेदारांना एवढ्यात होकार देऊ नये. जांभा सच्छिद्र असतो; तो पाणी पितो आणि उघडीप मिळाली की ते सोडूनही देतो. आपल्या भिंतीत पाणी शिरते ते बहुधा दगडाच्या अंगातून कमी आणि दर्जांमधून अधिक. सिमेंट चिऱ्यापेक्षा कठीण असते व सुकताना आकसते, त्यामुळे दरजेच्या कडेला केसाएवढी फट राहते आणि पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर येणारी झड तीत पाणी रेटते. आत गेलेल्या पाण्याला बाहेर सिमेंट आणि आत प्लास्टिक पेंट अडवते. आता बाहेरून आणखी एक थर चढवला, तर पहिल्या तड्यातून शिरलेले पाणी भिंतीत कोंडले जाईल आणि दोन-चार पावसाळ्यांनी तोच गिलावा फुगून सुटू लागेल.

आधी वाट शोधावी. पाऊस संपून भिंत सुकल्यावर एकाला घरात उभे करून बाहेरून नळीने पाणी सोडावे. मात्र सुरुवात जोत्यापासून करून, प्रत्येक पट्ट्यावर पंधरा-वीस मिनिटे थांबत वर जावे. वरून सुरुवात केली, तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि काहीच कळत नाही. खिडकीच्या खालची फरशी बाहेरच्या बाजूला उतरती आहे का, तिच्या तळाला पाणी तोडणारी खाच आहे का, एसीच्या नळीचे भोक आतल्या बाजूला तर उतरत नाही ना, आणि स्लॅब व चिरा जिथे भेटतात तिथे तडा आहे का, हे पाहावे. डाग नेमका खिडकीखाली असेल, तर दर्जांना हात लावण्यापूर्वी खिडकी दुरुस्त करावी.

दर्जा सदोष ठरल्यास त्या छिन्नीने 20 ते 25 मिलिमीटर खोल मोकळ्या कराव्यात. ग्राइंडर वापरू देऊ नये, कारण त्याने चिऱ्याच्या कडा कापल्या जातात. भरण्यासाठी एक भाग चुना व तीन भाग धुतलेली वाळू, आणि त्यात थोडी सुरखी (भाजलेल्या विटांची पूड), असे मिश्रण घ्यावे. किनाऱ्यावरची वाळू कितीही हाताशी असली, तरी तिच्यातील मीठ पुढे भिंतीतच उतरते, म्हणून ती टाळावी. दरज ओली करून दोन थरांत भरावी आणि आठवडाभर तरी ओली गोणपाटे टांगून ठेवावीत. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावे. मे महिन्याच्या उन्हात, पाऊस तोंडावर आला म्हणून घाईने भरलेला चुना नीट धरत नाही. आतला प्लास्टिक पेंट खरवडून भिंत पूर्ण सुकू द्यावी आणि मग चुन्याची सफेदी द्यावी.

सिलेन-सिलोक्सेन प्रकारचे पाणी झटकणारे द्रावण दर्जा भरून पूर्ण सुकल्यावर मारता येते. ते भिंतीची वाफ कोंडत नाही. पण तडे भरत नाही आणि काही वर्षांनी पुन्हा मारावे लागते. चिरा चमकावा म्हणून हल्ली सर्रास मारले जाणारे व्हार्निश मात्र नको.

माझ्या मते खरा खर्च पडवीवर करावा. जुन्या घरांच्या भिंती टिकल्या त्या रुंद वळचणीमुळे आणि पावसाळ्यापूर्वी झडीच्या बाजूला बांधल्या जाणाऱ्या, माडाच्या झावळ्या विणून केलेल्या झापांमुळे. स्लॅबच्या घराला यांपैकी काहीच नसते. नैर्ऋत्येला कौलांची किंवा पत्र्याची उतरती पडवी काढली, तर वरच्या उपायांवरचा निम्मा भार उतरेल. तोवर प्लास्टिकचा कागद बांधायचाच असेल, तर त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये वारा खेळेल इतकी जागा सोडावी.

प्रश्न : आमच्या स्वयंपाकघराची भिंत जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत एप्रिलमध्येही ओलसर असते आणि तिच्यावर पांढरी पूड येते. हीदेखील पावसाची गळती समजावी का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : नाही. पांढरी पूड म्हणजे लोणा. ओलीबरोबर वर चढलेले क्षार पाणी उडून गेल्यावर पृष्ठभागावर उरतात. भिंतीत नळ असेल, तर प्रथम सर्व तोट्या रात्रभर बंद ठेवून टाकीची पातळी उतरते का, हे पाहावे. ती उतरत नसल्यास ओल बहुधा जमिनीतून येत आहे. बाहेर फरसबंदी करताना अंगण जोत्याच्या वर उचलले गेले असेल, तर ते खाली घ्यावे आणि भिंतीपासून दूर उतार द्यावा. लोणा कोरड्या ब्रशने झाडून गोळा करावा, पाण्याने धुऊ नये, कारण तो विरघळून पुन्हा भिंतीत जातो. त्यावर टाइल्स लावल्यास ओल टाइल्सच्या वर चढते.