डोडो गेला, गुलाबी कबूतर राहिले: फरक पक्ष्यांत किती?

डोडोला उडता येत नव्हते म्हणून तो संपला आणि गुलाबी कबूतर उडणारे असल्यामुळे टिकले, असा आपल्या प्रश्नाचा रोख आहे. पहिला भाग बऱ्याच अंशी मान्य करता येईल. दुसरा मला पटत नाही.

दोन्ही पक्षी मॉरिशसचे आणि दोन्ही कपोतकुळातलेच. १५९८ मध्ये डच त्या बेटावर उतरले, तेव्हा जमिनीवर घरटे करणारा आणि बहुधा एकच अंडे घालणारा डोडो तिथे निर्धास्तपणे वावरत होता. खलाशांनी खाऊन तो संपवला असे सर्रास सांगितले जाते, पण जहाजांतून आलेल्या डुकरांनी, उंदरांनी आणि माकडांनी त्याची अंडी-पिल्ले फस्त केली, हे कारण अधिक मोठे असावे. तो शेवटचा दिसल्याची सर्वसाधारणपणे ग्राह्य धरली जाणारी नोंद १६६२ मधली आहे, म्हणजे सारा कारभार ६४ वर्षांत आटोपला.

आता गुलाबी कबूतर घ्या. ते उडते, झाडावर घरटे करते, सहसा दोन अंडी घालते, आणि तरीही १९९० च्या सुमारास रानात जेमतेम दहा पक्षी उरले होते. जंगल तोडले गेले होते आणि उंदीर, माकडे हे जुनेच शत्रू फांदीवरही पोहोचत होते. शेवटचे पक्षी घरटी करत ती राई होती बाहेरून आणून लावलेल्या जपानी क्रिप्टोमेरियाची, कारण त्या टोचऱ्या, दाट पालवीत शिरणे माकडांना जड जाई. परक्या झाडाने आधार द्यावा, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

पंखांनी त्याला थोडी उसंत दिली असेल, पण वाचवले ते माणसांनी. १९७० च्या दशकात पिंजऱ्यातील पैदास सुरू झाली. काही अंडी पाळीव होल्यांखाली उबवली गेली. पुढे पक्षी-संवर्धक कार्ल जोन्स आणि सहकाऱ्यांनी पक्षी रानात सोडले, त्यांच्यासाठी दाणे ठेवले, उंदीर-मांजरांचा बंदोबस्त केला. आज रानात काहीशे पक्षी आहेत आणि २०१८ मध्ये धोक्यातील प्रजातींच्या जागतिक लाल यादीत त्यांची वर्गवारी ‘संकटग्रस्त’वरून ‘असुरक्षित’ या कमी धोक्याच्या पायरीवर आली.

मात्र ‘टिकले’ हा शब्द जपून वापरावा. निकटच्या नात्यांतील प्रजननामुळे वाण दुर्बळ झाले आहे, आणि बाहेरून आलेल्या होल्यांमार्फत पसरणारा घशाचा परजीवी रोग आजही अनेक पिल्लांचा बळी घेतो.